ऑनलाइन व्हिसा : खिडकीवरच्या माणसाचं काम आता तुमच्याकडे आलंय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-वडील बारा वर्षांपूर्वी परदेशी गेले, तेव्हा वकिलातीच्या खिडकीवर कागदांची फाईल दिली, चार प्रश्न झाले आणि काही दिवसांनी व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट परत आला. आता पुन्हा जायचं आहे, आणि जो तो सांगतोय, 'हल्ली सगळं ऑनलाइन झालंय.' तर मग खरंच कुठेही जावं लागत नाही का? अर्ज एजंटकडून भरून घ्यावा का? आणि आईचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय, तो आधी नवा करावा की व्हिसा आल्यावर?

मी बरीच वर्षं लोकांचे व्हिसाचे अर्ज तयार करून देतो. म्हणजे तुम्ही ज्याला एजंट म्हणता त्यातलाच मीही एक. त्यामुळे पुढे एजंटांबद्दल जे लिहीन ते स्वतःला वगळून लिहिलेलं नाही.

आधी 'ऑनलाइन' या शब्दाची फोड करतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे ज्यांना व्हिसा लागतच नाही अशा देशांच्या नागरिकांनी निघण्यापूर्वी घ्यायची परवानगी. ऑस्ट्रेलियाने ही पद्धत १९९६ मध्ये आणली, अमेरिकेची 'इस्टा' जानेवारी २००९ पासून सक्तीची झाली, कॅनडाची २०१६ मध्ये आली, ब्रिटनची २०२३ मध्ये. काही मिनिटांचा फॉर्म, बहुतेकदा काही तासांत उत्तर. पण ही सोय ठराविक पासपोर्टवाल्यांसाठीच असते. 'माझ्या मित्राला दहा मिनिटांत मिळाला' असं कोणी सांगितलं की मी पहिल्यांदा मित्राचा पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खरा ई-व्हिसा. अर्ज, कागद, पैसे, निर्णय सगळं संगणकावर; वकिलातीचं तोंडही पाहायचं नाही. तुर्कस्तानने तो २०१३ मध्ये सुरू केला, भारताने परदेशी पर्यटकांसाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये, व्हिएतनामने ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंतचा देऊ केला.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा, आणि तुमच्या आई-वडिलांच्या वाट्याला बहुधा हाच येईल : अर्ज ऑनलाइन, माणूस ऑफलाइन. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, युरोपातले शेंगेन देश (एकाच व्हिसावर फिरता येणारा देशांचा गट) या सगळ्यांकडे फॉर्म संगणकावर भरला जातो, पण बोटांचे ठसे द्यायला, फोटो काढून घ्यायला किंवा मुलाखतीला माणूस जातोच. बदललं आहे ते एवढंच की पूर्वी जाऊन अर्ज द्यायचा, आता अर्ज देऊन मग जायचं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या ठशांच्या तारखेवर अवलंबून आहे. शेंगेन व्हिसासाठी एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात, म्हणजे पाच वर्षांना एक महिना कमी. कॅनडात पर्यटकांचे ठसे दहा वर्षं चालतात. आई-वडिलांचा मागचा प्रवास बारा वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोन्हीकडे मुदत केव्हाच संपली; त्यांना जावंच लागेल. आणखी एक. उतारवयात, आणि आयुष्यभर हाताने काम केलेल्या माणसांच्या बाबतीत, बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि यंत्र दोन-तीनदा नकार देतं. घाबरायचं कारण नाही, आधी दोन-चार दिवस हातांना साधं मलम लावत राहिलं तरी फरक पडतो. अपॉइंटमेंटचा दिवस सोडून, कारण तेलकट बोटंही यंत्राला चालत नाहीत.

युरोपबद्दल सध्या बऱ्याच अफवा आहेत, म्हणून थोडं सविस्तर. शेंगेन व्हिसा पूर्ण डिजिटल करण्याचा कायदा युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये संमत केला. सगळ्या सदस्य देशांसाठी एकच पोर्टल असेल, आणि पासपोर्टवर चिकटवायच्या स्टिकरऐवजी डिजिटल सही असलेला कोड मिळेल. पण हे टप्प्याटप्प्याने व्हायचं आहे, त्यात वर्षं जाणार आहेत. आणि त्या कायद्यातही पहिल्यांदा अर्ज करणारे, ज्यांच्या ठशांची मुदत संपली आहे ते आणि ज्यांचा पासपोर्ट नवा आहे ते, अशांनी प्रत्यक्ष यायचंच असं ठेवलेलं आहे.

ही वाट एकाच दिशेने जाते असंही समजू नका. अमेरिकेने कोरोनाच्या काळात मुलाखतीतून भरपूर लोकांना सूट दिली होती. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणि एकोणऐंशीच्या पुढच्या वृद्धांना तर तिथे बहुधा बोलावतच नसत. सप्टेंबर २०२५ पासून ही सूट बरीच आखडली आणि वयाची ही सवलतही गेली. म्हणून 'मागच्या वर्षी शेजाऱ्यांना जावं लागलं नव्हतं' हा पुरावा धरू नका. अर्ज ज्या आठवड्यात भरणार त्या आठवड्यात त्या देशाचं अधिकृत पान पुन्हा वाचा.

आता मुख्य मुद्दा. ऑनलाइनमुळे काम कमी झालं असं लोक समजतात. काम तेवढंच आहे, फक्त करणारा बदलला. पूर्वी खिडकीपलीकडे बसलेला माणूस कितीही तुसडा असला तरी एक मोठं काम फुकटात करायचा : तुमची फाईल सगळ्यांत आधी तो वाचायचा. 'इथे सही राहिलीय', 'हा फोटो चालणार नाही', 'पासपोर्ट नंबरात शून्य आहे, तुम्ही ओ लिहिलाय'. ओरडायचा, पण चूक तिथल्या तिथे सुधारून घ्यायचा. आता तो नाही. चूक तशीच पुढे जाते, आणि शेवटच्या पानावर 'वरील सर्व माहिती खरी आहे' या ओळीपुढे टिचकी मारून तुम्हीच तिच्यावर शिक्कामोर्तब केलेलं असतं. बऱ्याच पोर्टलांवर सबमिट झालेला अर्ज उघडून दुरुस्त करता येत नाही. अमेरिकेच्या व्हिसा अर्जाचा जो डीएस-१६० फॉर्म, त्याचंच बघा : चूक सापडली तर नवा फॉर्म भरायचा, आणि नव्या फॉर्मचा क्रमांक अपॉइंटमेंटच्या नोंदीशी जुळवून घ्यायचा. हे न केल्यामुळे मुलाखतीच्या दारातून परत आलेले लोक मी पाहिले आहेत.

वाचणाराही बदललाय. मोठ्या देशांत अर्जाची पहिली चाळण आता संगणक करतो. कॅनडाने पर्यटक व्हिसाच्या अर्जांची अशी वर्गवारी २०१८ मध्ये सुरू केली. ब्रिटनमध्येही अर्जांना रंग देऊन वेगळं करणारी एक प्रणाली होती. ती राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करते म्हणून कोर्टात आव्हान दिलं गेलं आणि सरकारने ती ऑगस्ट २०२० मध्ये थांबवली. अंतिम निर्णय माणूस देतो, पण त्याच्यासमोर तुमची फाईल येते ती रकान्यांच्या स्वरूपात : वय, नोकरी, उत्पन्न, आधीचे प्रवास, आधीचे नकार. दोन पानी भावपूर्ण कव्हरिंग लेटर जोडून फॉर्ममध्ये मात्र 'व्यवसाय' या रकान्यात नुसतं 'इतर' लिहिणारे लोक मला अजून भेटतात. तुमचे वडील निवृत्त असतील तर 'निवृत्त' निवडा, कुठून निवृत्त झाले ते लिहा, पेन्शनचा आकडा उत्पन्नाच्या रकान्यात टाका. तो आकडा, बँक स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला जमा होणारी रक्कम आणि पत्रातला आकडा, हे तिन्ही एकच असू द्या.

नाव आणि पासपोर्ट नंबर भरताना पासपोर्टचं फोटोचं पान उघडून तळाच्या दोन ओळी बघा, ज्यात बाणासारखी चिन्हं असतात. प्रत्येक ओळीत ४४ अक्षरं. विमानतळावरचं यंत्र याच ओळी वाचतं. पहिल्या ओळीत देशाच्या कोडनंतर आडनाव, मग दोन बाण, मग बाकीची नावं. अर्जात आडनाव कोणतं आणि नाव कोणतं हा वाद झाला तर निकाल या ओळीने द्यायचा, घरात काय हाक मारतात त्यावरून नाही. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला पासपोर्ट नंबर, आणि त्याच्यापुढे, कधी मध्ये एक बाण सोडून, एक जादा अंक असतो. नंबर बरोबर वाचला गेला की नाही हे यंत्राने ताडून बघावं म्हणून गणिताने काढलेला हा अंक पासपोर्ट नंबराचा भाग नाही. तळाची ओळ बघून नंबर उतरवणारे लोक हा अंकही उतरवतात, आणि ई-व्हिसा भलत्याच पासपोर्टवर निघतो. म्हणून नंबर वरच्या कोपऱ्यातून घ्या, नाव तळाच्या ओळीशी ताडून बघा. ज्यांच्या पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव आहे त्यांनी त्या पोर्टलच्या सूचना आधी वाचाव्यात. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये ते एकमेव नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या रकान्यात 'एफएनयू' ही तीन अक्षरं ('पहिलं नाव माहीत नाही' याचं इंग्रजी लघुरूप) टाकायची असतात. इतर देशांची रीत वेगळी असू शकते.

कागद अपलोड करण्याबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. बँकेच्या साइटवरून उतरवलेलं स्टेटमेंट बहुतेक वेळा पासवर्डने बंद असतं. तुमच्या फोनवर ते उघडतं कारण तुम्हाला पासवर्ड माहीत आहे. अधिकाऱ्यासमोर ते उघडत नाही, आणि पासवर्ड विचारायला तो तुम्हाला फोन करणार नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही आर्थिक पुरावा दिलेलाच नाही. फाईल आधी उघडून, पासवर्ड काढून पुन्हा सेव्ह करा. मग ती दुसऱ्याच कोणाच्या फोनवर पाठवून उघडते का ते बघा. फोटोही तसाच : छापील फोटोचा फोनने फोटो काढून टाकू नका, स्टुडिओतून मूळ डिजिटल फाईल मागा. आणि कोणत्या देशासाठी हवा ते आधी सांगा, कारण अमेरिकेला चौकोनी फोटो लागतो आणि शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा उभा.

बाकी फाईलचं आकारमान, नावं वगैरे पोर्टल स्वतःच सांगतं. पैसे भरताना पान अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेत रक्कम गेली का बघा.

आता एजंट. घ्यावा का? टंकलेखनासाठी, भाषेसाठी, कागदांची जुळवाजुळव करण्यासाठी जरूर घ्या. पण एक गोष्ट त्याच्या हातात देऊ नका : खात्याचा ईमेल. सोयीसाठी एजंट स्वतःचाच ईमेल टाकतात, दिवसाला वीस अर्ज भरताना तेच सोपं पडतं. सुरुवातीच्या काळात मीही केलंय. त्यामुळे एकदा असं झालं : एका जोडप्याच्या अर्जावर दूतावासाने एक जादा कागद मागितला, मुदत सात दिवसांची. तो ईमेल माझ्या खात्यात जाहिरातींच्या ढिगात पडला. मी तो नवव्या दिवशी पाहिला. व्हिसा नाकारला गेला, त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाला ती दोघं पोहोचली नाहीत. त्या दिवसापासून ईमेल अर्जदाराचा किंवा त्यांच्या मुलाबाळांचा, फोन नंबरही त्यांचाच, आणि जंक फोल्डर रोज बघायचं हे मी लिहून देतो.

ईमेल दुसऱ्याचा असला की आणखी एक वाईट गोष्ट घडते. नकाराचं पत्रही त्याच्याकडेच जातं. काही जणांना आपला व्हिसा पूर्वी नाकारला गेला होता हे ठाऊकच नसतं. एजंटने 'जमलं नाही' एवढंच सांगितलेलं असतं. मग पुढच्या अर्जात 'कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?' या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, आणि ते उत्तर खोटं ठरतं. इथे गंमत नाही. खोटी माहिती दिली असं ठरलं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करू शकतो, ब्रिटन दहा वर्षं, ऑस्ट्रेलिया साधारण तीन वर्षं. अमेरिकेत तर त्याला मुदतच नाही, विशेष सूट मिळवेपर्यंत ते लागूच राहतं. हे देश आपसांत माहितीची देवाणघेवाणही करतात. नुसता नकार तुम्ही उघड सांगितलात तर त्याने तितकं नुकसान होत नाही. लपवलेला नकार मात्र जन्मभर पाठीशी लागतो. म्हणून आई-वडिलांना आधी बसवून विचारा : मागे कुठेही, कोणीही, तुमच्या नावाने अर्ज केला होता का? आणि एजंटने भरलेला अर्ज सबमिट होण्यापूर्वी त्यांच्यासोबत एकेक ओळ मोठ्याने वाचा. सही त्यांची आहे.

अधिकृत वाटणाऱ्या पण नसलेल्या साइटी हा दुसरा खड्डा. शोधयंत्रात देशाचं नाव आणि 'व्हिसा' टाकलं की वर येतात त्या जाहिराती असतात. झेंडा, राजमुद्रा, सगळं अस्सल दिसतं, शुल्क दुप्पट-तिप्पट. काही साइटी पैसे घेऊन निदान खरा अर्ज भरतात, काही तेवढंही करत नाहीत आणि पासपोर्टची प्रत मात्र त्यांच्याकडे राहते. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह' असणं ही बरी खूण आहे, पण सगळ्या सरकारांची ती नसते. कॅनडाच्या अधिकृत पत्त्यात ती नाही, युरोपीय संघाच्याही नाही. त्यापेक्षा त्या देशाच्या दूतावासाच्या पानावर जा आणि तिथल्या दुव्यावरूनच पुढे जा. आणि अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रांबद्दल एवढं लक्षात ठेवा की ती कागद आणि ठसे गोळा करतात, निर्णय देत नाहीत. तिथली जादा पैशांची सुविधा घेतल्याने व्हिसा मिळण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही.

ई-व्हिसा आला की लोक ईमेल बघून निर्धास्त होतात. प्रिंट काढा आणि तीन गोष्टी वाचा : कोणत्या तारखेपर्यंत आत जायचं, आत गेल्यावर किती दिवस राहायचं, आणि कोणत्या विमानतळावरून किंवा बंदरावरून जायचं. पहिल्या दोन गोष्टी वेगळ्या असतात. ९० दिवसांची मुदत आणि ३० दिवसांचा मुक्काम एकाच व्हिसावर असू शकतो. तिसरी बहुतेक जण वाचतच नाहीत. भारताचा ई-व्हिसा ठरलेल्या विमानतळांवर आणि बंदरांवरच चालतो, व्हिएतनामचाही ठरलेल्या नाक्यांवर. तुमची पहिली खरी तपासणी विमान कंपनीच्या काउंटरवर होते, कारण कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड कंपनीला बसतो. तिथल्या माणसाला शंका आली तर तो तुम्हाला चढू देत नाही, आणि फोनची बॅटरी संपली हे कारण त्याला पुरत नाही.

हे सगळं वाचून ऑनलाइनला माझा विरोध आहे असं वाटेल. तसं नाही. ज्या देशांत परकीय वकिलाती मोजक्याच असतात, तिथल्या माणसाला पूर्वी व्हिसासाठी आधी शेजारच्या देशाचा प्रवास करावा लागे, कधी कधी त्या प्रवासासाठीही व्हिसा काढून. ते बऱ्याच ठिकाणी संपलं. पूर्ण ई-व्हिसात पासपोर्ट आठवडेच्या आठवडे दुसऱ्याच्या कपाटात अडकून पडत नाही, हा तर माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा. गेलं ते एकच : परदेशात कोणी आजारी पडलं, अंत्यविधीला पोहोचायचं आहे, अशा वेळी खिडकीवर जाऊन माणसाला माणसासारखं सांगता यायचं. पोर्टलला तसा रकाना नसतो. आजही अशी वेळ आली तर फॉर्म भरा, पण त्याचबरोबर वकिलातीला थेट ईमेल करा, हॉस्पिटलचं पत्र जोडा, विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक लिहा. तातडीच्या अर्जांची वेगळी सोय बऱ्याच वकिलाती ठेवतात, ती फक्त शोधावी लागते.

आईच्या पासपोर्टचं : आधी नवा करा. बरेच देश प्रवेशाच्या दिवशी सहा महिने मुदत शिल्लक मागतात. शेंगेनला परतीच्या तारखेनंतर तीन महिने लागतात, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला असावा लागतो. पण मुख्य कारण वेगळंच. पूर्वी व्हिसा पासपोर्टच्या पानावर असायचा, त्यामुळे पासपोर्ट संपला तरी जुनं आणि नवं अशी दोन्ही पुस्तकं घेऊन लोक जायचे. अमेरिकेच्या स्टिकर व्हिसावर आजही तसं जाता येतं. ऑनलाइन परवानगी मात्र पासपोर्टच्या नंबराला बांधलेली असते. नंबर बदलला की इस्टा गेली, कॅनडाची परवानगी गेली, बहुतेक ई-व्हिसेही गेले. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. ब्रिटनच्या ई-व्हिसात नवा पासपोर्ट आपल्या खात्याला स्वतः जोडावा लागतो.

नवा पासपोर्ट आला तरी जुने पासपोर्ट फेकू नका, त्यांतले शिक्के हाच तुमच्या आईचा प्रवासाचा इतिहास आहे. त्या पानांच्या प्रती अर्जाला जोडा. फॉर्ममध्ये 'कधी पासपोर्ट हरवला आहे का?' असं विचारलं तर नूतनीकरण म्हणजे हरवणं नव्हे, तिथे 'नाही' लिहायचं. आणि नवा पासपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी तळाच्या त्या दोन ओळींतली पहिली, नावाची ओळ आईच्या जुन्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. स्पेलिंगमध्ये फरक दिसला तर आधी तो दुरुस्त करून घ्या, व्हिसाचं पान त्यानंतर उघडा.